प्रतिसाद: फक्त धर्मवेड म्हणून भागत नाही

वर एका सदस्याने लिहिलंय की आत्मघाती हल्ले निव्वळ धर्मवेडातून होतात. मला हे पटत नाही. 1881 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाचा सम्राट झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या पायाशी बॉम्ब टाकून स्वतःही मेलेला तरुण राजकीय क्रांतिकारक होता. श्रीलंकेतली तमिळ बंडखोर संघटना लिट्टे तर धर्माच्या नावावर लढतच नव्हती. तरी 1987 मध्ये त्यांनी श्रीलंकेतल्या नेल्लियाडीच्या लष्करी तळावर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला आणि 1991 मध्ये श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींचा बळी घेतला.

हे तंत्र पसरलं ते लेबनॉनच्या राजधानीतल्या, बैरुतच्या हल्ल्यामुळे. 23 ऑक्टोबर 1983, रविवारची पहाट, सैनिक झोपेत. एक ट्रक सरळ अमेरिकी सैनिकांच्या इमारतीत घुसला आणि 241 अमेरिकी गेले. काही मिनिटांत दुसऱ्या स्फोटात 58 फ्रेंच सैनिक. चारेक महिन्यांत अमेरिकेने तिथून सैन्य काढून घेतलं. मूठभर लोकांना महासत्ता हलवता येते, हा धडा नको त्या सगळ्यांनी घेतला. माझ्या मते खरं कारण इथे आहे: माणूस मरायला तयार होतो, पण त्याला निवडणारी, गाडी आणि स्फोटकं पुरवणारी संघटना जिवंत राहते.

आम्हा मुक्ताईनगरकरांना हा विषय लांबचा नाही. पुलवामात 14 फेब्रुवारी 2019 ला गेलेल्या 40 जवानांपैकी एक शेजारच्या मलकापूरचे होते. आणि परिणाम म्हणाल तर, त्यानंतर काश्मीरच्या महामार्गावर आठवड्यातले दोन दिवस सामान्यांच्या गाड्या बंद ठेवल्या होत्या. रुग्ण, विद्यार्थी, फळांचे ट्रक, सगळ्यांचेच हाल झाले.