मदत हवी आहे : शाळेचे वर्ग तापतात, पंखे बदलू की कूलर घेऊ?

चोपडेकर : मार्चपासून वर्गात बसवत नाही. चारही पंखे फुल्ल असतात, तरी अंगावर झळाच येतात. बिल वाढतंय ते वेगळंच. शनिवारी समितीची बैठक आहे, लवकर सांगा.

तापीकाठ : छत स्लॅबचं की पत्र्याचं? वर्ग केवढा? खिडक्या कुठल्या दिशेला?

गिरणाकाठ : कूलरच घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा कोरडी, ४३ अंशांतही कूलर काम करतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल कोंडून चिकचिक होते.

वायरमन : आणि मे महिन्यात पाणी कुठून आणणार? जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हवा दमट, कूलर निरुपयोगी.

चोपडेकर : पत्रा आहे, जस्ती. २० बाय २५ फूट. खिडक्या पश्चिमेला. पंख्यांचं सांगा ना!

तापीकाठ : पत्रा नि पश्चिम, दुखणं तिथंच आहे. पंखा हवा थंड करत नाही, पत्र्याखाली साचलेली झळ खाली ढकलतो. आधी पत्रा घासून धुवा, जस्तावर धरणारा प्रायमर द्या, मग ऊन परतवणारा पांढरा रंग दोन हात. जमीन ५०० चौरस फूट असली तरी उतार नि पन्हळी धरून रंग ६०० च्या वर लागेल. आतून बोर्डाचं सिलिंग करा, पत्र्यापासून वीतभर खाली, पोकळीला दोन्ही टोकांना जाळी. थर्माकोल अजिबात नको, पेट घेतो.

खान्देशी : एवढा खर्च कशाला भो, चुना मारा.

वायरमन : चुना स्लॅबवर ठीक. ओला चुना जस्त खातो, पत्रा गंजेल.

खान्देशी : म्हणून धाब्याची, मातीच्या सपाट छताची घरं बरी होती. जाड मातीतून दुपारचं ऊन आत यायला रात्र व्हायची.

अमळनेरी : सोलर बसवा! किलोवॅटला शंभरेक चौरस फूट, दिवसाला साधारण चार युनिट.

तापीकाठ : विचारलं काय, सांगता काय! आणि पत्रा पेलणाऱ्या कैच्या तपासल्याशिवाय त्यावर पॅनल चढवू नका.

वायरमन : पंख्यांचं : साधा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. चार पंखे सहा तास चालले तर रोज एक युनिटहून जास्त वाचतं. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाका, त्यावर बीएलडीसीचं सर्किट बिघडतं.

चोपडेकर : पश्चिमेला छज्जा वाढवू का?

तापीकाठ : तिरप्या उन्हाला छज्जा अडवत नाही. बांबूच्या चटया बाहेरून सोडा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन काच ओलांडून आलेलं असतं.

चोपडेकर : मग अंधार होईल त्याचं काय?

वायरमन : २० वॅटच्या एलईडी ट्यूबा खिडकीला समांतर ओळींत लावा, प्रत्येक ओळीला वेगळं बटण. चटई वर असेल तेव्हा खिडकीकडची ओळ बंद. ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, वहीवर उजेड लुकलुकतो.