मदत हवी आहे: कूलरच्या हवेला कुबट वास, ताट्या धुवाव्या की बदलाव्या?

नागपूर, मे महिना. खोली 10 बाय 12, खिडकीत लोखंडी कूलर, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, टाकी साधारण 60 लिटरची, पाणी बोअरचं. समोरची खिडकी चार बोटं उघडी असते. ती लावली की ओल खोलीतच कोंडते, गादीसुद्धा दमट लागते. म्हणजे दोष तिथे नाही.

टाकी दर चार दिवसांनी रिकामी करून घासली जाते (डासांच्या अळ्यांमुळे आठवड्याच्या आत ते करावंच लागतं). रात्री आधी पंप बंद, पंखा आणखी 20 मिनिटं, म्हणजे ताट्या सुकतात. तरी पंप सुरू केला की पहिली दहा मिनिटं शेवाळी वास. डाव्या ताटीचा वरचा पट्टा कोरडाच, त्यावर पांढरे क्षार. वरच्या नळीची भोकं बुजली असणार, धूळही त्या कोरड्या पट्ट्यातूनच आत येते.

भोकं सुईने मोकळी करून पुरेल, की नळी व्हिनेगरमध्ये भिजवावी? (त्यासोबत ब्लीचिंग पावडर सुचवू नका, क्लोरीन वायू सुटतो.) ताटीमागे नायलॉन जाळी लावली तर हवा किती घटते? आणि अशा जड पाण्यावर हनीकोंब पॅड (गवताच्या ताटीऐवजी बसवतात ते मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड) किती उन्हाळे टिकतात?