एन्क्रिप्शनचा वेग वाढवण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

धागाकर्ता, राजारामपुरी

2019 च्या कोल्हापुरातील महापुरानंतर आम्ही ठरवले की माहितीची एक प्रत पंचगंगेच्या पुरापासून दूर ठेवायची. आमच्या स्कॅन सेंटरमधील रुग्णांच्या प्रतिमा दर रविवारी बाह्य डिस्कवर घेऊन आम्ही गावाबाहेर पाठवतो, आणि डिस्क वाटेत कोणाच्या हाती लागली तरी ती वाचता येऊ नये म्हणून ती माहिती एईएस या प्रचलित एन्क्रिप्शन पद्धतीने कूटबद्ध करतो, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलतो. सुमारे 400 जीबींना अडीच तास लागतात. हे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवावे, असे माझे ठाम मत आहे. एईएस माहितीचे 128 बिटांचे ब्लॉक पाडते आणि चावीच्या (गुप्त सांकेतिक संख्येच्या) लांबीनुसार प्रत्येक ब्लॉकवर 10, 12 किंवा 14 फेऱ्या चालवते. सगळ्या ब्लॉकवर कृती एकच असते, आणि कार्डातील शेकडो-हजारो छोटे कोअर (गणना करणारे भाग) अशीच एकसारखी कामे एका वेळी उरकण्यासाठी बनवलेले असतात. 2007 मध्ये कुडा ही ग्राफिक्स कार्डावर सर्वसाधारण प्रोग्राम चालवण्याची एनव्हिडियाची प्रणाली आल्यापासून असे प्रोग्राम लिहिण्याची सोयही झाली आहे.

उद्यमनगर

मी असहमत आहे. अडीच तासांत 400 जीबी म्हणजे सेकंदाला साधारण 45 एमबी. फिरत्या तबकडीची साधी डिस्कही शंभराच्या वर लिहिते, म्हणजे अडथळा कुठेतरी आहे हे खरे. पण तो कुठे आहे हे न तपासता कार्ड विकत घेणे मला पटत नाही. इंटेलने 2010 पासून प्रोसेसरमध्येच एईएसच्या खास सूचना (थेट हार्डवेअरमध्ये चालणाऱ्या आज्ञा) दिल्या आहेत आणि त्यांच्या जोरावर चांगल्या प्रोसेसरचा एकच कोअर सेकंदाला एक जीबीहून अधिक माहिती कूटबद्ध करू शकतो. कार्ड याच्या दहापट वेगवान असले, तरी डिस्क जेवढे देईल तेवढेच त्याला मिळणार. एकदा एन्क्रिप्शन न करता नुसती प्रत काढा आणि वेळ मोजा.

विद्यापीठ परिसर

आपण दोघांनीही ब्लॉक एकापाठोपाठ कसे हाताळायचे त्या कार्यपद्धतीचा, म्हणजे मोडचा, विचार केलेला नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. सीबीसी मोडमध्ये प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकच्या कूटबद्ध रूपात मिसळून मगच पुढे जातो. त्यामुळे एका फाइलचे एन्क्रिप्शन करताना हजार कोअर असले तरी काम एकालाच असते आणि बाकीचे वाट पाहत बसतात. उलगडताना मात्र सगळे कूटबद्ध ब्लॉक आधीच हाताशी असल्याने तेच काम वाटून करता येते. सीटीआर मोडमध्ये प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा गणक (क्रमाने वाढणारा आकडा) मिळतो, कोणी कोणावर अवलंबून राहत नाही, आणि धागाकर्त्यांचा युक्तिवाद तिथे पूर्ण लागू पडतो. मात्र एका चावीसोबत तोच गणक पुन्हा वापरला गेला, तर दोन कूटबद्ध मजकूर एकमेकांशी एक्सऑर केल्यावर (म्हणजे बिटागणिक ताडून पाहिल्यावर) चावीचा परिणाम नाहीसा होतो आणि मूळ मजकुरांतील फरक उघडा पडतो. दर आठवड्याला प्रत घेणाऱ्याने ही काळजी घेतलीच पाहिजे. शिवाय सीटीआरला माहितीत झालेला फेरफार कळत नाही; म्हणून मी जीसीएम, म्हणजे सीटीआरसारखाच पण फेरफारही ओळखणारा मोड, सुचवेन.

शाहूपुरी

मला वेगापेक्षा चावीची चिंता वाटते. काम कार्डाकडे दिले की चावीही कार्डाच्या मेमरीत जाते. एका प्रोग्रामने मागे ठेवलेला मजकूर दुसऱ्याला वाचता येतो, हे जानेवारी 2024 मध्ये ‘लेफ्टओव्हरलोकल्स’ या त्रुटीने काही कंपन्यांच्या ग्राफिक्स प्रोसेसरांबाबत दाखवून दिले. रुग्णांच्या माहितीचा प्रश्न आहे, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

धागाकर्ता, राजारामपुरी

नुसती प्रत 55 मिनिटांत झाली. म्हणजे दीड तासाहून अधिक वेळ एन्क्रिप्शनच घेत आहे, आणि आमच्या जुन्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना नाहीत हेही आता कळले. अशा यंत्राला कार्डाचा आधार देण्यात चूक काय? ते यंत्र त्या कामासाठीच वेगळे ठेवले आहे, त्यावर दुसरे कोणी काहीही चालवत नाही.

उद्यमनगर

चूक नाही, पण खर्च उलट्या जागी होतो. त्या सूचना असलेले वापरलेले यंत्र घेतले, तर कदाचित कार्डाहून कमी पैशांत भागेल आणि वेळ डिस्कच्या 55 मिनिटांवर येईल. त्याखाली तो कार्डानेही येणार नाही.

विद्यापीठ परिसर

या एका डिस्कपुरते मी उद्यमनगरकरांशी सहमत आहे. मात्र ज्या सर्व्हरवर शेकडो जोडण्या एकाच वेळी कूटबद्ध होतात, किंवा रेंडरिंगसाठी (संगणकावर चित्रे तयार करण्यासाठी) घेतलेले कार्ड रात्रभर रिकामे असते, तिथे मी धागाकर्त्यांच्याच बाजूने उभा राहीन. अनेक स्वतंत्र प्रवाह असतील तर सीबीसीलासुद्धा कार्डावर वाटून काम मिळते.

धागाकर्ता, राजारामपुरी

आमच्या तंत्रज्ञांच्या लॅपटॉपमध्ये त्या सूचना आहेत. येत्या रविवारी तीच डिस्क त्यावर जीसीएम मोडमध्ये कूटबद्ध करून पाहतो आणि लागलेला वेळ इथे नोंदवतो. तोवर कार्डाची खरेदी थांबवली आहे.