मदत हवी आहे : प्रोजेक्टरवर मॅच, पण आवाज मागं पडतोय

भावांनो, मंगळवार पेठेत तालमीच्या हॉलमध्ये आम्ही फुटबॉल मॅच लावतो. एप्रिल २०२५ च्या बार्सा-माद्रिद कोपा देल रे फायनलला (आपल्याकडं रात्री दीडला सुरू) ११६व्या मिनिटाला बार्साच्या कुंदेचा ३-२ चा गोल पडद्यावर झाला, पोरं उड्या मारून खाली आली तेव्हा कुठं कॉमेंटेटर ओरडला, माद्रिदवाले तर तेवढ्यावरच हसत होते राव!

लॅपटॉप ते प्रोजेक्टर एचडीएमआय आणि स्पीकर ब्लूटूथ. ऑक्स वायर (हेडफोनच्या भोकातून स्पीकरला जाणारी) लावली तर आवाज वेळेवर येतो पण चार्जर लावला की घुंऽऽ सुरू, काढला की बंद. दुसरी वायर, दुसरा प्लग बघून झालं. चार्जर काढता येत नाही, बॅटरी तासभरच टिकते आणि एक्स्ट्रा टाइम झाला तर अडीच तास लागतात. रात्रीचं आहे म्हणून आवाज हळूच ठेवतो, त्यात ही घुरघुर जास्तच जाणवते. नवा स्पीकर नको, बजेट पाचशे.

ऑक्सच्या मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात त्यानं ही घुरघुर नक्की जाते का, कुणी वापरलाय?