मदत हवी आहे: सेन्सर वाफसा दाखवतो, पण डाळिंबाची झाडं दुपारी मलूल

नमस्कार मंडळी,

4 वर्षांची डाळिंबाची बाग आहे, जमीन हलकी, मुरमाड. या बहाराला ठिबकवर ऑटोमेशन बसवलं. ओलाव्याचा सेन्सर 30 सेंमी खोल आहे. ओल कमी झाली की कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो, वाफसा (मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळेल इतकी ओल) आला की बंद करतो. रात्री मोटर लावायला उठणं थांबलं, त्याचा फार आधार वाटला.

आता ओळींच्या टोकाकडची झाडं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी सावरतात. फुलगळही वाढलीय. मोबाईलवर मात्र दिवसभर "ओल पुरेशी". घरच्यांनी मर रोगाची धास्ती घेतलीय, आळवणी (मुळांशी औषधाचं पाणी ओतणं) करू म्हणतात. मला ते पटत नाही. मर असती तर फांद्या पिवळ्या पडून वाळू लागल्या असत्या.

काल खुरप्यानं उकरून पाहिलं. ड्रिपरखालच्या मातीचा लाडू वळत होता, वीतभर बाजूला तीच माती बोटांतून भुरभुर गळत होती. पांढऱ्या मुळ्या सगळ्या त्या ओल्या भागात दाटलेल्या. मग मोजपात्र घेऊन बसले. ताशी 4 लिटरचा ड्रिपर म्हणजे 3 मिनिटांत 200 मिली यायला हवं. सेन्सरजवळच्या झाडाला 195 आलं, त्याच लॅटरलच्या (ओळीतल्या ठिबक नळीच्या) टोकाला 120, एका ठिकाणी तर 90. तोंडाशी पांढरा थर.

सेन्सर ओळीच्या सुरुवातीला, ड्रिपरपासून चार बोटांवर रोवलाय. त्याला ओल लगेच पोचते आणि 20 मिनिटांत सगळा ब्लॉक बंद होतो, असा माझा अंदाज. सेन्सर नेमका कुठे हवा? जुना टेन्सिओमीटर (मातीत पाणी किती घट्ट धरलंय ते दाखवणारी पाण्याची नळी) पडून आहे, तो जोडीला लावू का? आणि तो पांढरा थर काढायला फुलं असताना ॲसिड सोडलं तर मुळांना इजा होईल का?

प्रतिसाद:
ताई, आळवणी थांबवा, अंदाज बरोबर आहे. दुरुस्ती होईपर्यंत कंट्रोलर घड्याळावर टाका. आधी लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा. मग पाण्याचा सामू (pH) 4 च्या आसपास येईल इतकंच ॲसिड सोडा. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. रात्रभर नळीत राहू द्या, सकाळी टोकं उघडून बागेबाहेर काढा, म्हणजे मुळांशी फारसं जात नाही.

सेन्सर ड्रिपर आणि ओलीची कड यांच्या अधेमध्ये, माती घट्ट दाबून लावा. भोवती पोकळी राहिली तर आकडा खोटा येतो. टेन्सिओमीटर जरूर लावा, जमलं तर 60 सेंमीवर. पाणी मुळांखाली वाया जातंय का ते तोच सांगेल. त्याचा आकडा 80 सेंटिबारपुढे गेला (माती फार कोरडी झाली) की त्याच्या नळीत हवा शिरते, तेव्हा पाणी भरून घ्या. आणि हलक्या जमिनीत पाणी खाली पळतं, बाजूला कमी पसरतं. वेळ वाढवण्यापेक्षा झाडामागे ड्रिपर वाढवा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. उद्या सकाळीच फ्लश करते. एक सांगायचं राहिलं, कॅल्शियम नायट्रेट आणि मोनो अमोनियम फॉस्फेट मी ही दोन्ही खतं एकाच टाकीत कालवून वेंचुरीतून (खत ठिबकच्या पाण्यात ओढून घेणारं साधन) सोडत होते.

प्रतिसाद:
मग थर त्याचाही असणार. ती दोन एकत्र आली की साका धरतो. वेगळ्या दिवशी सोडा, मध्ये साधं पाणी चालवा.