चिखल्या आणि नखं
या चर्चेत वर कुणीतरी चिखल्यांवर (पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात त्या) हळद-तेल सुचवलंय, आमची आजीपण तेच लावायची, पण बेचक्यातली कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी सोलत असेल तर ते बहुतेक फंगसच, साधं क्लोट्रिमाझोल (फंगसवरचं मलम) लावा आणि खाज थांबली म्हणून लगेच सोडू नका. मेडिकलवाला ३-४ औषधं एकत्र असलेली ट्यूब देतो त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं नि मग दुप्पट पसरतं (अनुभव आहे!). नखाचं प्रकरण वेगळं. माझं अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं, खालून भुसा पडायचा, मलमाने काही होईना. डॉक्टरांनी आधी नखाचा तुकडा तपासायला पाठवला, मग लिव्हरची टेस्ट, मग टर्बिनाफिन (फंगसवरचं पोटात घ्यायचं औषध) २५० मिग्रॅ ची रोज १ गोळी, १२ आठवडे. पूर्ण नवीन नख यायला वर्ष गेलं पण. आणि हो, डायबेटिस असेल तर घरगुती प्रयोग नकोच, सरळ डॉक्टर गाठा.