गाठ, गुठळी की मूळ?

अमळनेरकर: शेजारच्या साडेतीन वर्षांच्या पोराच्या किडनीत गाठ निघाली. आंघोळ घालताना आईच्या हाताला लागली. रिपोर्टात ‘विल्म्स ट्यूमर’, म्हणजे लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर, पुढे ‘थ्रॉम्बस’ राइट एट्रियमपर्यंत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यापर्यंत. कोणीतरी सांगून टाकलं, ‘हृदयात रक्ताची गुठळी झालीय, कॅन्सर पसरलाय.’ घरात रडारड. इथे ‘थ्रॉम्बस’ला मराठीत ‘गुठळी’ चालेल का?

धुळ्याची नर्स: नाही चालणार. गुठळी गोठलेल्या रक्ताची, फार तर पिठाची. हे गाठीचंच टोक आहे. किडनीच्या शिरेतून अधोमहाशिरेत, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरतं आणि आतल्या आत वर वाढत हृदयापर्यंत जातं. गुठळी म्हटलं की नातेवाईक रक्त पातळ करायच्या गोळ्या मागतात. इथे बहुधा आधी केमो. त्यानं टोक आक्रसलं की ऑपरेशन. तरीही ते कप्प्यात राहिलं, तर हार्ट-लंग मशीन लावून काढतात. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं पोट दाबून बघू नये, गाठ फुटू शकते.

अमळनेरकर: मग ‘पसरला’?

धुळ्याची नर्स: तोही नको. फुप्फुसात वेगळ्या गाठी झाल्या तर पसरला, ती चौथी स्टेज. नुसतं टोक हृदयापर्यंत गेलं म्हणून चौथी होत नाही. उपचार नीट झाले तर यातलीही बरीच मुलं बरी होतात.

पारोळ्याचा भाऊ: आमच्या मोरीच्या पाइपात पिंपळाचं मूळ शिरलं होतं. झाड बाहेर, मूळ आत हातभर. ओढलं तर शेपटीसारखं अख्खं आलं. अहिराणीत सांगा, ‘गाठनं मूळ शिरमा घुसनं’. लगेच कळेल.

धुळ्याची नर्स: भाऊ, झकास! हेही पुष्कळदा शिरेच्या भिंतीला चिकटत नाही, तेव्हा अख्खं निघतं. चिकटलं की सर्जनचा घाम निघतो.

जुना मास्तर: एट्रियमला पुस्तकात ‘अलिंद’ किंवा ‘कर्णिका’. अलिंद म्हणजे मूळ संस्कृतात घरापुढची ओसरी, आपला ओटा. शरीरातून परतलेलं रक्त आधी या ओट्यावर येतं. ‘विल्म्स’ मात्र आडनाव आहे, माक्स विल्म्स हे जर्मन सर्जन. या गाठींवरचा त्यांचा ग्रंथ १८९९चा. आमच्याकडे त्याचं ‘विल्यम’ झालंय, ते सोडा.

अमळनेरकर: केमो सुरू झाली. पोराच्या आजोबांना ‘मूळ’च सांगितलं. काल सोनोग्राफी झाली, तर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न: ‘मंग, मूळ कितलं खाले उनं?’